विहिरीच्या पाण्यात काय विरघळले आहे?



आपल्या बीड शहराजवळची खजाना बावडी येथे बसलेल्या बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत बांधलेली ही विहीर. पावसाळा असो वा उन्हाळा, तिच्यातले पाणी फारसे वरखाली होत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि आजोबा नातवाला तेथे नेतात ते हेच दाखविण्यासाठी. मीही लहानपणी ते पाहून चकित झालो होतो. पुढे पुष्कळ वर्षांनी, रसायनशास्त्राचा अध्यापक झाल्यावर मनात आले, या विहिरीत पाणी किती आहे हे लोक चारशे वर्षे पाहत आले आहेत. त्या पाण्यात काय विरघळले आहे, हे त्यांतल्या किती जणांनी विचारले असेल?

यात लोकांना बोल लावण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मनात येईल तेव्हा पडणारा, तेथे पहिला प्रश्न 'पाणी आहे का?' हाच असावयाचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे या सभेत आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर शाळेतल्या मुलांनाही आठवेल. घसा कोरडा पडलेला मनुष्य रसायनशास्त्राच्या शंका काढीत नाही. पण पाणी मिळाल्यावर ते वर्षानुवर्षे प्यावयाचे असते, लहान मुलांना पाजावयाचे असते. म्हणून दुसरा प्रश्न विचारावाच लागतो, आणि त्याचे उत्तर कसे मिळवितात हे आज सांगावयाचे आहे.

उत्तर मिळविण्याची एक पद्धत आपल्या घरांत पूर्वापार आहे. 'त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही', 'या पाण्याला साबणाचा फेस येत नाही', 'ते पाणी मचूळ लागते', ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. यांना मी अडाणी समजुती म्हणणार नाही. ही पृथक्करणेच आहेत. डाळ न शिजणे आणि फेस न येणे म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्क या रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली पाण्याचा जडपणा मोजण्याची जी रीत काढली, ती हीच. ठराविक पाण्यात टिकाऊ फेस येईपर्यंत साबणाचे द्रावण किती घालावे लागते, हे त्याने मोजले. आमच्या आईने जे धुण्याच्या दगडावर केले, ते त्याने काचेच्या नळीत केले. फरक एवढाच की त्याने साबण मोजून घातला.

पण स्वयंपाकघरातल्या या परीक्षेला एक मर्यादा आहे. साध्या मिठाची चव जिभेला कळावयास लिटरभर पाण्यात क्लोराइड दोनअडीचशे मिलिग्रॅम तरी असावे लागते. ज्या द्रव्यांची आपल्याला खरी काळजी आहे, ती याहून कितीतरी कमी प्रमाणात उपद्रव करतात. आणि त्यांना त्या प्रमाणात चव नाही, रंग नाही, वास नाही. फ्लोराइड घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणी नसेलच तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. आर्सेनिकची ०.०१ मिलिग्रॅम.

हे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून आपल्या ओळखीचे माप घेऊ. गावात येणारा दहा हजार लिटरांचा टँकर घ्या. लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे त्या सबंध टँकरात १० ग्रॅम, चहाचे दोन चमचे. दोनाचे तीन चमचे झाले की दीडची मर्यादा गाठली. नायट्रेटची मर्यादा भरावयास टँकरात साडेचारशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी लागेल. आणि आर्सेनिक? एक दशांश ग्रॅम. वजनाने तांदळाचे चारपाच दाणे. टँकर भरून आला असता, त्यात चार दाण्यांइतके विष आहे की सहा दाण्यांइतके, हे रसायनज्ञाने सांगावयाचे असते. आणि तेही टँकर न आटविता, बाटलीभर पाणी पाहून.

पूर्वी खरोखर आटवीत असत. जर्मनीतील बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० साली ड्यूर्कहाइम येथील झऱ्याच्या पाण्याचा थेंब ज्योतीत धरला, तेव्हा वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या दोन निळ्या रेषा दिसल्या. नव्या मूलद्रव्याची चाहूल लागली, सीझियम असे त्याचे नाव ठेवले. पण हातात घेण्याजोगा क्षार मिळविण्यासाठी बुन्सेनला चव्वेचाळीस हजार लिटर पाणी आटवावे लागले. साडेचार टँकर म्हणा. निघाला सुमारे सात ग्रॅम क्षार! थेंबात जे प्रकाशाने क्षणात सांगितले, ते कढईने सांगावयास महिने लागले.

प्रकाशाच्या या विद्येने पुढे एक कोडे सोडविले, आणि त्या कोड्याचा संबंध थेट आपल्या मराठवाड्याशी येतो. १९०१ साली फ्रेडरिक मके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आणि खडूसारखे पट्टे त्याने पाहिले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांना डाग नव्हते. संशय पाण्यावर गेला. पाण्याचे पृथक्करण पुनःपुन्हा करविले, अहवाल येई तो निर्दोष. तीस वर्षे हा मनुष्य त्या प्रश्नाच्या मागे होता. अखेर आर्कान्सामधील बॉक्साइट गावात हेच डाग दिसले. ते गाव ॲल्युमिनियम कंपनीचे. लोक ॲल्युमिनियमच्या भांड्यांना दोष देतील या भीतीने कंपनीचा मुख्य रसायनज्ञ चर्चिल याने १९३१ साली ते पाणी वर्णपटलेखकाखाली घातले. लिटरला १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड! कोणाच्या स्वप्नातही नसलेले द्रव्य. आधीचे अहवाल खोटे नव्हते. त्यांना फ्लोराइडविषयी कोणी विचारलेच नव्हते. पाण्याचा अहवाल हा साक्षीदारासारखा असतो. विचाराल तेवढ्याचेच उत्तर देतो. आपल्या देशात फ्लोराइडमुळे हाडे आखडलेले रोगी आंध्रमधील नेल्लूर भागात आढळल्याचे १९३७ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांच्याबरोबर फ्लोराइडची तक्रार असलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव घेतले जाते.

आता आपल्या पायाखालच्या खडकाकडे या. बालाघाटाची रांग घ्या की गोदाकाठची काळी जमीन घ्या, खाली सगळा काळा पाषाण, लाव्ह्याच्या थरांवर थर. आडाचे किंवा विहिरीचे पाणी वरच्या, कुजलेल्या मुरमातले. पाऊस पडला की भरते, गावात जे सांडते ते त्यात उतरते. उकिरडा, गोठा, शोषखड्डा, शेतात टाकलेला युरिया, या सर्वांतला नत्र जमिनीतील सूक्ष्म जंतूंच्या कृपेने नायट्रेट होतो. आणि नायट्रेटाला माती धरून ठेवीत नाही, पाण्याबरोबर ते सरळ खाली जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत ४५ च्या वर नायट्रेट सापडलेल्या जिल्ह्यांत बीड आहे. खरे म्हणजे महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे आहेत. विंधनविहिरीची गोष्ट निराळी. दोनशे-तीनशे फुटांखालचे पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले. त्या मुदतीत त्यातले कॅल्शियम हळूहळू सोडियमशी अदलाबदल होऊन कमी होते. कॅल्शियम असते तोवर ते फ्लोराइडला फार विरघळू देत नाही. ते गेले की ही आडकाठी गेली. म्हणून खोल विंधनविहिरीचे पाणी पुष्कळदा चवीला मऊ, साबणाला फेस देणारे, आणि तरीही फ्लोराइडने भरलेले असू शकते. आईच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पाणी येथे नापास होते! ज्या दुष्काळाने आपल्याला आडाकडून विंधनविहिरीकडे लोटले, त्याने पाणी नुसते खोल नेले नाही, त्याचा स्वभावही बदलला.

मग मोजावयाचे कसे? मूळ युक्ती सोपी आहे. जे दिसत नाही त्याला रंग द्यावयाचा, आणि तो रंग ओळखीच्या रंगाशी ताडून पाहावयाचा. नायट्रेटासाठी पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत अशी रीत होती: पाणी वाटीत आटवून कोरडे करावयाचे, त्यावर फिनॉलडायसल्फॉनिक आम्ल घालावयाचे, मग अमोनिया. पिवळा रंग उठतो. शेजारी काचेच्या सारख्या मापाच्या नळ्यांची ओळ, नेसलर नळ्या म्हणतात त्यांना. पहिल्या नळीत नायट्रेट मुळीच नाही, दुसरीत ठाऊक असलेले थोडे, तिसरीत त्याच्या दुप्पट, अशी चढती भाजणी. आपली नळी त्या ओळीत कोठे बसते, ते वरून खाली पाहून ठरवावयाचे. सोनार कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहतो, तसेच हे. द्रावणात रंगद्रव्य जितके जास्त तितका प्रकाश जास्त शोषला जातो, हा नियम लँबर्ट आणि बेअर यांच्या नावाने ओळखला जातो. बेअरने आपला भाग १८५२ साली मांडला. आज डोळ्याची जागा प्रकाशविद्युत् घटाने घेतली आहे, तो दमत नाही आणि संध्याकाळच्या दिव्यात फसत नाही. नायट्रेट तर आता रंग न देताही, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार प्रकाशात मोजता येते. पण यंत्र कितीही महागाचे आणा, ती नळ्यांची ओळ सुटत नाही. माहीत असलेल्याशी ताडल्यावाचून माहीत नसलेल्याला आकडा नाही.

फ्लोराइडची तऱ्हा उलटी आहे. त्याला रंग देता येत नाही, म्हणून ते दुसऱ्याचा रंग घालविते हे पाहावयाचे. झिर्कोनियम आणि अलिझरिन यांच्या जोडीचा रंग लालसर गुलाबी. फ्लोराइडला झिर्कोनियमचे फार प्रेम. ते त्याला अलिझरिनकडून ओढून घेते आणि गुलाबी पिवळ्याकडे झुकते. पिवळे जितके जास्त तितके फ्लोराइड जास्त. ही युक्ती स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण झिर्कोनियमशी सलगी करणारे फ्लोराइड एकटेच नाही. फॉस्फेट, सल्फेट फार असले, पाणी फार अल्कधर्मी असले, की रंग चुकतो. आणि आपल्या खोल विंधनविहिरींचे पाणी बहुधा अल्कधर्मीच असते. म्हणजे जेथे गरज जास्त तेथेच परीक्षा डळमळते. १९६६ साली अमेरिकेत फ्रँट आणि रॉस यांनी यातून वाट काढली. लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाची एक चकती नळीच्या टोकाला बसविली. त्या स्फटिकातून फ्लोराइडच तेवढे ये-जा करू शकते, बाकीच्यांना दार बंद. आतल्या आणि बाहेरच्या द्रावणातील फरकाप्रमाणे विजेचा दाब उत्पन्न होतो, तो मोजला की झाले. फ्लोराइड दसपट झाले की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टांनी बदलतो. यातली गंमत लक्षात घ्या: एका मिलिव्होल्टाची चूक म्हणजे फ्लोराइडात शेकडा चार टक्के चूक. दीडच्या मर्यादेवर ती चूक ०.०६ होते. एवढ्याने गावाचा हातपंप लाल रंगविण्याची घाई करू नये, पुन्हा मोजावे.

धातूंचे सांगावयाचे तर १९५५ साली ऑस्ट्रेलियात वॉल्श यांनी अणूंच्या प्रकाशशोषणाची पद्धत पुढे आणली, आणि आजच्या यंत्रांनी काही धातू लिटरला अब्जांश ग्रॅमापर्यंत दिसतात. त्यांचे वर्णन करीत बसत नाही. ती यंत्रे पाहण्याचा योग येईल तेव्हा पाहा. त्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून समजली, ती सांगतो.

मी नुकताच अध्यापक झालो होतो. एका उन्हाळ्यात डोंगरपट्ट्यातील एका गावाने पाणी तपासून द्या म्हटले. मी उत्साहाने बाटल्या दिल्या, पाणी आले, नायट्रेट मोजले. एका विहिरीचे निघाले १२४. मर्यादेच्या पावणेतीनपट! मी त्याच दिवशी चिठ्ठी पाठविली, पाणी पिऊ नका, विशेषतः बाळांना देऊ नका. गावाने माझे ऐकले. मास्तरांनी लिहिले म्हणजे खरेच असणार. अकरा दिवस त्या गावच्या बाया भर चैत्राच्या उन्हात मैलभर लांबच्या दुसऱ्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या.

अकराव्या दिवशी मी वही चाळत असताना एक गोष्ट खटकली. त्या पाण्यात क्लोराइड अगदी थोडे होते. गोठ्यातून, शोषखड्ड्यातून झिरपलेले पाणी असेल तर नायट्रेटाबरोबर क्लोराइडही वाढावे; मूत्रात मीठ असतेच. येथे एक जोडीदार आला आणि दुसरा आलाच नाही, असे कसे? मग बाटली आठवली. ती धातूंच्या परीक्षेसाठी तयार ठेवलेल्या बाटल्यांतील होती. धातू काचेला चिकटून बसू नयेत म्हणून अशा बाटलीत तीव्र नायट्रिक आम्लाचा थेंब घालून ठेवतात. हिशेब मांडला. तीव्र आम्लाच्या एका थेंबात नायट्रेट सुमारे पन्नास मिलिग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो मिसळला की लिटरला शंभरच्या आसपास. एकच थेंब, आणि मर्यादेच्या दुपटीहून अधिक! एवढे आम्ल पडले तरी पाणी आंबट कसे झाले नाही म्हणाल, तर आपल्या पाण्यात बायकार्बोनेट मुबलक असते, त्याने ते गिळून टाकले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन, स्वच्छ बाटलीत पाणी आणून मोजले. निघाले २७.

गावात जाऊन चूक कबूल केली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमचं औषधच तुम्ही मोजलंत की!" याहून नेमके वर्णन मला अजून कोणा विद्वानाने ऐकविलेले नाही.

यावर उपाय जुना आहे आणि मी आळसाने टाळला होता. त्याला कोरी परीक्षा म्हणतात. विहिरीच्या पाण्याबरोबर एका बाटलीत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरावयाचे, तीच बाटली, तोच प्रवास, तीच द्रव्ये, तेच सर्व संस्कार. आणि त्यात काय निघते ते पाहावयाचे. निघावयास हवे शून्य. जे निघेल ते आपल्या पदरचे. थोरामोठ्यांचीही यातून सुटका नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवरचे कर्ज फेडावे म्हणून फ्रिट्झ हाबर या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रसायनज्ञाने समुद्रातून सोने काढण्याचा बेत केला. टनाला पाचसहा मिलिग्रॅम असावे असा जुन्या मोजमापांचा आधार होता. सागरसफरी करून, शेकडो नमुने काटेकोरपणे तपासून १९२० च्या दशकात त्याला कळले की सोने आहे, पण त्याच्या हजारांश; पूर्वीच्या सोन्यातले पुष्कळसे प्रयोगशाळेतलेच होते. अमेरिकेत क्लेअर पॅटरसनने पृथ्वीचे वय काढण्यासाठी शिसे मोजावयास घेतले, तर शिसे धुळीत, नळात, त्याच्या स्वतःच्या केसांत. त्याने खोली धुऊन, हवा गाळून काम केले, तेव्हा कळले की समुद्रातील शिशाचे आधीचे आकडे फार फुगलेले आहेत, आणि हवेतले शिसे मोटारींच्या पेट्रोलमधून आलेले आहे. १९६५ साली त्याने हे उघड मांडले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हावयास २००० साल उजाडले.

आता तुमच्या हाती अहवाल आला तर त्यात काय पाहाल? एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण शिकलेली माणसेही येथे फसतात. नायट्रेट दोन तऱ्हांनी लिहितात. सबंध नायट्रेट म्हणून लिहिले तर मर्यादा ४५. त्यातला नुसता नत्र लिहिला तर तीच मर्यादा १० होते. एकाला ४.४ ने गुणले की दुसरे मिळते. अहवालात '११' लिहिले असेल, तर पहिल्या रीतीने पाणी उत्तम, दुसऱ्या रीतीने मर्यादेबाहेर. आकड्याशेजारी काय म्हणून मोजले ते लिहिले नसेल, तर अहवाल परत पाठवा आणि लिहून मागा. लाज वाटून घेऊ नका.

या ११ मध्ये एवढे काय अडले, असे कोणी म्हणेल. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा संस्थानात कॉम्ली नावाच्या डॉक्टरने दोन तान्ह्या मुलांची हकिगत लिहिली. अंग निळे पडलेले, हृदय निर्दोष, आणि दुधाची पावडर कालविलेली ती शेतातल्या विहिरीच्या पाण्यात. बाळाच्या पोटात नायट्रेटाचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, आणि प्राणवायू वाहून नेणारे कोणी उरत नाही. पहिल्या काही महिन्यांतल्या, वरच्या दुधावरच्या मुलांना हा धोका. अंगावर पिणाऱ्या बाळाला तो नाही म्हटले तरी चालेल. आणि येथे आपल्या घरातली सर्वांत चांगली सवय आपल्याला दगा देते. बाळाचे पाणी आई उकळून घेते. जंतूंसाठी ते योग्यच. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते, नायट्रेट तेथेच राहते. म्हणजे ४० चे पाणी चौथा हिस्सा आटेतो उकळले तर ते ५३ चे होते. तुरटी फिरविल्यानेही ते जात नाही. अशा बाळासाठी दुसऱ्या विहिरीचे पाणी आणणे हाच घरगुती उपाय, आणि कोणत्या दुसऱ्या विहिरीचे, हे मोजल्यावाचून कळत नाही.

मोजण्याची सोय आज पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यावर गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणीचे संच वापरावयास शिकविण्याचे ठरले. माझ्या पाहण्यात आलेल्या बाया हे काम मन लावून करतात. फक्त त्यांच्या संचाची मर्यादा त्यांना आणि ग्रामपंचायतीला ठाऊक असावी. रंगांचा तक्ता एकापासून दीडचा फरक दाखवीत नाही म्हटले तरी चालेल. तो सांगतो ते 'संशय आहे' किंवा 'संशय दिसत नाही'. रंग नेहमी उघड्या सावलीत, पांढऱ्या कागदावर धरून, दोघींनी वेगवेगळा पाहावा आणि आधी एकमेकींना न सांगता लिहून ठेवावा. संशय आला की बाटली प्रयोगशाळेत.

बाटली भरण्याच्या बाबतीत बोलायचे तर हातपंप आधी पाचसात मिनिटे हापसावा, नळीत शिळे राहिलेले पाणी निघून जाऊ द्यावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्यावी. कपडे धुण्याच्या पावडरीने धुतलेली बाटली नको. फ्लोराइडला प्लॅस्टिकची बाटली बरी. नायट्रेटाचे पाणी सावलीत, थंड ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवशीच पोचवावे, कारण बाटलीतले जंतू ते खात राहतात. धातूंची बाटली निराळी, आणि ती का निराळी हे मी आता पुन्हा सांगत नाही. वर गाव, विहिरीची खूण, तारीख, भरणाऱ्याचे नाव. वैशाखातले पाणी आणि भाद्रपदातले पाणी एक नसते, म्हणून वर्षातून दोनदा.

एक प्रश्न राहतो, त्याचे उत्तर कोणत्याही एका बाटलीत नाही. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीला हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि या दिवसांत परत येतात. बरोबर लहान मुले असतात. पक्के दात हिरडीत घडतात ते जन्मापासून साधारण आठ वर्षांच्या आत, आणि त्या काळात जेवढे फ्लोराइड पोटात जाईल त्याची नोंद दातावर कायमची उमटते. समजा गावच्या विंधनविहिरीत २.२ आहे, कारखान्याच्या फडावरच्या पाण्यात ०.६. मुलाच्या वाट्याला काय आले? वरवर पाहता सरासरी १.४, मर्यादेच्या आत. पण ते गावी असते ते उन्हाळ्यात, तेव्हा पाणी दीडदोनपट पिते. दुप्पट धरले तर वजनदार सरासरी १.७ च्या जवळ जाते. उलट गाव चांगले आणि फड वाईट असेल तर गावच्या शाळेत दात पाहणारा डॉक्टर गावच्या पाण्यात दोष शोधीत बसेल आणि मकेसारखा तीस वर्षे फसेल. म्हणून पुढच्या दिवाळीत टोळी निघताना मुकादमाजवळ दोन धुतलेल्या बाटल्या द्याव्यात, असे मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले आहे. एक फडावर पोचल्यावर भरावयाची, दुसरी तेथून निघताना. तिसरी, ऊर्ध्वपातित पाण्याची, उघडायची नाही. ती तशीच ट्रॅक्टरमधून जाऊन तशीच परत यावयाची.